ऑनलाइन सायमल: लॅग कुठे वेळ खातो आणि तो कसा आवरायचा

सायमल म्हणजे एका खेळाडूने, म्हणजे होस्टने, एकाच वेळी अनेकांशी बुद्धिबळ खेळणं. सभागृहातल्या सायमलमध्ये होस्टला एक मोठी सोय असते. तो बोर्डापाशी पोचेपर्यंत समोरच्याने चाल करायची नसते, आणि बहुतेक वेळा घड्याळंही लावलेली नसतात. ऑनलाइन ही सोय जाते. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर प्रतिस्पर्ध्याने चाल केली की त्याच क्षणी त्या बोर्डावरचं होस्टचं घड्याळ सुटतं, होस्ट तेव्हा सतराव्या बोर्डावर डोकं खाजवत का असेना. वीस बोर्ड म्हणजे वीस घड्याळं, आणि त्यातली बरीचशी एकाच वेळी होस्टच्या नावावर पळत असतात.

म्हणून सायमलमधला लॅग (नेटमुळे होणारा उशीर) एकट्या डावातल्या लॅगसारखा मोजायचा नसतो. हिशेब असा: वीस बोर्ड, प्रत्येकी सरासरी सहा सेकंद (साडेचार-पाच विचाराचे, बाकीचे एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाण्याचे). एक फेरी १२० सेकंदांची झाली. आता बोर्ड बदलताना दर वेळी १.२ सेकंद जास्त लागायला लागले, तर फेरी १४४ सेकंदांची होते. चाळीस चालींच्या डावात हे जादाचे २४ सेकंद चाळीस वेळा मोजले जातात: ९६० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटं. आणि ही सोळा मिनिटं सगळ्या बोर्डांची मिळून नव्हेत, प्रत्येक घड्याळातून जातात. एकट्या ब्लिट्झ (काही मिनिटांच्या झटपट) डावात ज्या लॅगकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, तोच इथे सायमल घालवू शकतो.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘लिचेस लॅग भरून देतं की’. देतं, हे खरं आहे. चाल तुमच्या यंत्रावरून सर्व्हरपर्यंत पोचायला लागलेला वेळ काही मर्यादेपर्यंत घड्याळात परत मिळतो. सतत असणारा लॅगही त्यात येतो आणि अधूनमधून बसणारा झटकाही. सर्व्हरवर चालीची प्रक्रिया व्हायला लागणारा वेळ तर क्वचितच १० मिलिसेकंदांच्या वर जातो, तेव्हा त्याची काळजी सोडा. पण भरपाई मिळते ती फक्त चालीच्या प्रवासाची. पुढचा बोर्ड उघडायला लागलेला वेळ सर्व्हरच्या लेखी तुमचा विचाराचा वेळ असतो, आणि उरलेल्या एकोणीस बोर्डांच्या घड्याळांना तर तुमच्या नेटची खबरही नसते. सायमलमधली खरी गळती बोर्ड बदलताना होते, चाल पाठवताना नाही.

बोर्ड बदलताना नक्की काय घडतं? चाल पोचली की ब्राउझर सर्व्हरला विचारतो, पुढचा डाव कुठला. मग त्या डावाचं पान मागवलं जातं. मग त्या पानासाठी नवी सॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी) जोडणी होते, आणि तिच्यात आणखी तीन हेलपाटे असतात: जोडणीचा, सुरक्षेच्या वाटाघाटीचा आणि सॉकेट उघडण्याचा. एकूण पाचेक फेऱ्या. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद असेल तर पाऊण सेकंद निव्वळ प्रवासात जातो. ३०० असेल तर दीड.

पिंग शून्यावर आणता येत नाही हे आधीच मान्य करून टाकावं. लिचेसचे सर्व्हर फ्रान्समध्ये आहेत. मुंबई ते पॅरिस हवाई अंतर सुमारे ७,००० किलोमीटर, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद ही निसर्गानेच घातलेली मर्यादा झाली. केबल सरळ रेषेत जात नाही. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याच्या दीडपट-दुप्पट किंवा त्याहूनही जास्त दिसतो. जर्मनी किंवा इंग्लंडमधून खेळणाऱ्या मराठी होस्टला हाच आकडा दोन अंकी दिसेल. इथून खेळताना १३०-१६० दिसले तर नेटवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही, त्यात बिघाड काहीच नाही. आकडा दर मिनिटाला १४०, ४००, १५०, ९०० असा नाचत असेल तर मात्र दुखणं घरात आहे, आणि बहुधा बरं होण्यासारखं आहे.

आधी मोजा, मग हात लावा

लिचेसवर वर उजवीकडच्या आपल्या नावावर क्लिक केलं की पिंग आणि सर्व्हर असे दोन आकडे दिसतात. रोज ज्या वेळी सायमल होणार त्याच वेळी ते पाहा. सकाळी दहाला मिळालेला आकडा रात्री नऊला लागू पडत नाही, कारण तेव्हा अख्खी सोसायटी मालिका आणि मॅच पाहत असते.

मग तीन टप्प्यांत पिंग करा. विंडोजमध्ये स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग हा आदेश द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. पिंग, डॅश-एन, ५० आणि मग हा पत्ता, मध्ये एकेक जागा सोडून, असं लिहिलं की पन्नास हाका जातात (मॅक आणि लिनक्सवर डॅश-एनऐवजी डॅश-सी). नंतर हेच घराबाहेरच्या १.१.१.१ या पत्त्यावर करा, आणि शेवटी लिचेस डॉट ऑर्गवर. सरासरीपेक्षा सगळ्यात मोठा आकडा आणि हरवलेल्या पाकिटांची (नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची) टक्केवारी पाहा.

राउटरपर्यंतच ५०-१०० मिलिसेकंदांचे झटके बसत असतील तर दोष वाय-फायचा. राउटरपर्यंत १-३ आणि पुढे १.१.१.१ ला गडबड, तर लाइनचा किंवा नेट पुरवणाऱ्याचा. पहिले दोन टप्पे स्वच्छ आणि तिसऱ्यातच गोंधळ, तर समुद्रापलीकडचं काहीतरी. ६ सप्टेंबर २०२५ च्या सुमारास जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातून युरोपकडे जाणाऱ्या वाहतुकीला लांबचा वळसा पडला होता. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. सायमल पुढे ढकलावा, किंवा बोर्ड कमी करावेत.

एका पाकिटाची हरवाहरवी किरकोळ वाटते, पण सॉकेटमधून जाणारी माहिती रांगेने जाते. एक पाकीट हरवलं की मागची सगळी खोळंबतात. ते पुन्हा पाठवायच्या आधी यंत्र पिंगपेक्षा साधारण पाव सेकंद जास्त वाट पाहतं, आणि दुसऱ्यांदाही हरवलं तर दुप्पट. त्यामुळे एक-दोन टक्के हरवणारी लाइन वीस बोर्डांना पुरत नाही. ‘कधी मस्त चालतं, कधी मध्येच अडकतं’ ही तक्रार बहुतेकदा याचीच असते.

आणि शेवटचं मोजमाप, जे सहसा कोणी करत नाही: तीन मित्रांना घेऊन तीन बोर्डांचा लुटुपुटूचा सायमल लावा, स्क्रीनचा फोनवर व्हिडिओ घ्या आणि चाल केल्यापासून पुढचा बोर्ड हाताखाली येईपर्यंतचा वेळ दहा वेळा मोजून सरासरी काढा. एक सेकंदाच्या आत आला तर उत्तम. दोनच्या वर गेला तर वीस बोर्डांच्या नादी लागू नका.

घरातली डागडुजी

जास्त वेगाचा प्लॅन घेऊन लॅग जात नाही. एक चाल म्हणजे जेमतेम काहीशे बाइट. त्यासाठी ५० एमबीपीएस आणि ३०० एमबीपीएस सारखेच. डीएनएस बदलूनही पिंग कमी होत नाही, त्याचा संबंध फक्त पत्ता शोधण्याशी आहे. फरक पडतो तो केबलने. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची लॅन केबल राउटरपासून लॅपटॉपपर्यंत ओढली की निम्म्याहून अधिक तक्रारी संपतात. लॅपटॉपला लॅनचं छिद्र नसेल तर यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय, राउटर त्याच खोलीत, मध्ये भिंत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथचे हेडफोन आणि मायक्रोवेव्ह असा बाजार भरलेला असतो.

दुसरं कारण म्हणजे अपलोड. घरातला कोणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला की राउटरमध्ये रांग लागते आणि तुमची इवलीशी चाल त्या रांगेत मागे उभी राहते. पिंग १५० वरून ६०० वर जातो, मात्र स्पीड टेस्टचा आकडा बऱ्यापैकीच येतो, म्हणून हे सापडत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: एका यंत्रावरून मोठी फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा आणि तेव्हाच १.१.१.१ ला पिंग करा. आकडा उसळला तर चोर सापडला. राउटरमध्ये क्यूओएसची (कोणत्या यंत्राला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची) सोय असेल तर खेळाच्या लॅपटॉपला अग्रक्रम द्या. नसेल तर सायमलपुरते सगळे बॅकअप आणि विंडोजचे अपडेट थांबवा. सायमल थेट दाखवायचा असेल किंवा मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं असेल, तर तो कॉल वेगळ्या फोनवर, मोबाइल डेटावर लावा.

व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू असेल तर बंद करा. प्रत्येक हेलपाटा आधी त्याच्या दारावरून जातो. (केबल तुटलेली असतानाच याचा उलटा उपयोग होऊ शकतो, कारण व्हीपीएनची वाट कधी कधी तुटलेल्या भागाला टाळून जाते. तेव्हा पिंग पाहून ठरवा.)

ब्राउझर: एकच टॅब

वीस बोर्ड वीस टॅबमध्ये उघडायचा मोह होतो. करू नका. क्रोम मागे पडलेल्या टॅबला झोपवतं: आधी त्यातले टायमर सेकंदाला एकदा चालतात, आणि पाच मिनिटं लपलेल्या टॅबमध्ये ते मिनिटाला एकदा इतके मंदावू शकतात. सॉकेट जिवंत ठेवणाऱ्या हाका वेळेवर जात नाहीत, जोडणी तुटते, आणि तुम्ही टॅबवर परतल्यावर ती नव्याने जोडली जाईपर्यंत जुनीच स्थिती दिसत राहते. त्यावर चाल केली की ती नाकारली तरी जाते किंवा उशिरा पोचते. मेमरी सेव्हर चालू असेल तर टॅब पूर्ण काढूनच टाकला जातो. सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्स विभागात जाऊन लिचेसचा पत्ता कायम जागं ठेवायच्या यादीत घाला.

त्याऐवजी एकाच टॅबमध्ये खेळा आणि डावाच्या पानावरचं ऑटो-स्विच चालू ठेवा, म्हणजे चाल झाली की पुढचा बोर्ड आपोआप येतो. चार-पाचच बोर्ड असतील तर वेगवेगळ्या खिडक्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी मांडता येतात. अट एवढीच की कुठलीही खिडकी दुसरीखाली पूर्ण झाकली जाता कामा नये. झाकलेली खिडकी क्रोमच्या दृष्टीने लपलेलीच.

लिचेसच्या पसंतींमध्ये सोंगट्यांचं अ‍ॅनिमेशन ‘काहीच नाही’वर न्या आणि थ्रीडी पट बंद करा. चालीची खात्री विचारणारा पर्याय बंद करावा का, हा जरा नाजूक प्रश्न आहे. तो चालू असला की प्रत्येक चालीला एक जादा क्लिक लागतो: अर्धा सेकंद धरला तरी वर काढलेल्या हिशेबाने प्रत्येक घड्याळातून पावणेसात मिनिटं. पण सायमलमध्ये टेकबॅक (चाल मागे घेणं) मिळत नाही, आणि टचपॅडवरून वजीर भलत्याच घरात सुटला तर सुटलाच. माउस असेल तर पर्याय बंद करा. टचपॅड असेल तर आधी माउस आणा.

सायमल लावताना

लिचेसच्या फॉर्ममध्ये घड्याळाची मूळ मिनिटं आणि इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारे जादा सेकंद) यांखेरीज होस्टसाठी दोन खास रकाने असतात: होस्टला सुरुवातीलाच जादा वेळ, आणि प्रत्येक नव्या खेळाडूमागे होस्टला जादा वेळ. लॅगवरचं सगळ्यात स्वस्त औषध हेच आहे, तरी बरेच जण ते रकाने तसेच सोडून देतात.

किती भरायचं? फेरीची लांबी म्हणजे बोर्ड गुणिले (विचार अधिक बदल). त्यातून इन्क्रिमेंट वजा करा आणि चालींनी गुणा. वीस बोर्ड, सहा सेकंद, २० सेकंदांचं इन्क्रिमेंट, चाळीस चाली: ४० गुणिले १०० म्हणजे ४,००० सेकंद, सुमारे ६७ मिनिटं. बदलाला १.२ सेकंद जास्त लागत असतील तर ४० गुणिले १२४, म्हणजे ८३ मिनिटं. खेळाडूंना २५ मिनिटं दिली तर होस्टला आणखी ४०-६० मिनिटं हवीतच. हा आकडा कमाल आहे. सगळे प्रतिस्पर्धी झटपट खेळतील आणि एकही डाव लवकर संपणार नाही असं धरून तो काढलाय. प्रत्यक्षात पंचविसाव्या चालीपर्यंत काही बोर्ड रिकामे होतात आणि फेरी आखडते. तरी पहिल्या सायमलला कमाल आकड्याच्या जवळच राहा. वेळ उरला तर बिघडत नाही, आणि सायमलचे डाव रेटिंगविना असल्यामुळे कोणाचं नुकसानही नाही.

खेळाडू किती येणार हे माहीत नसेल तर दुसरा रकाना जास्त वापरा. मागे काढलेल्या ४,००० सेकंदांतून मूळ २५ मिनिटं (१,५०० सेकंद) वजा करून उरलेले २,५०० वीस जणांत वाटले तर माणशी १२५ सेकंद येतात.

इन्क्रिमेंटमध्ये कंजुषी करू नका. पाच सेकंदांचं इन्क्रिमेंट एकट्या डावात ऐसपैस वाटतं, पण दोन मिनिटांच्या फेरीत ते फुंकर मारल्यासारखं आहे. २० ते ३० सेकंद ठेवा.

खेळ चालू असताना

पटावर सोंगटी सरकलेली दिसली म्हणजे चाल पोचली असं समजू नका. ब्राउझर आपल्या बाजूने सोंगटी लगेच हलवून दाखवतो, सर्व्हरचा होकार नंतर येतो. चालींच्या यादीत चाल उमटली की ती पोचली. ऑटो-स्विच हा होकार येईपर्यंत थांबतं. घाई होते ती हाताने दुसरा बोर्ड उघडताना: चाल अजून वाटेत असते, पान बदलतं, आणि ती हवेत विरते. पुढच्या फेरीत परत आल्यावर कळतं की इथे चाल झालीच नव्हती आणि घड्याळ दोन मिनिटं आपलंच पळत होतं.

खाली डाव्या कोपऱ्यात ‘रीकनेक्टिंग’ अशी पट्टी दिसली तर सोंगट्यांना हात लावू नका. पाच-सात सेकंदांत ती गेली नाही तर पान एकदाच रिफ्रेश करा. पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणं म्हणजे तेच पाच हेलपाटे दर वेळी नव्याने मारणं. नेट अडखळून गेल्यावर सायमलच्या मुख्य पानावर या, तिथे सगळे बोर्ड एकत्र दिसतात. ज्याचं घड्याळ सगळ्यात कमी, तो आधी. हरलेल्यातच जमा असलेल्या बोर्डावर विचार करत बसण्याची ही वेळ नाही.

खेळाडूंनाही सुरुवातीलाच सांगून ठेवा की होस्टला चाल मिळायला दोन-तीन मिनिटं लागतील, हा लॅग नव्हे. नाहीतर चॅटमध्ये ‘सर, आहात ना?’ सुरू होतं, आणि उत्तर देण्यात आणखी दहा सेकंद जातात.

एकाच सभागृहात वीस मुलं असतील तर

क्लबमध्ये किंवा शाळेत मुलं एका वाय-फायवर आणि होस्ट दुसऱ्या गावी, हा प्रकार आता नेहमीचा झालाय. इथे बुद्धिबळाची वाहतूक नगण्य असते. राउटरला घाम फुटतो तो वीस फोनांच्या बाकी उद्योगांनी. फोनचे अपडेट आणि बॅकअप बंद करायला लावा, शक्य तेवढे फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या, आणि दोन राउटर असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर त्यांना १, ६, ११ यांपैकी वेगवेगळ्या वाहिन्या द्या. फोनच्या हॉटस्पॉटवर वीस जण बसवायला जाऊ नका, बहुतेक फोन दहाच्या आसपासच थकतात. लिचेसची खाती घरूनच उघडून या. एकाच जोडणीवरून भराभर नवी खाती काढली की नोंदणी अडू शकते, आणि मग अर्धा तास त्यातच जातो.

वीज आणि नेट गेल्यावर

एकट्या डावात तीन मिनिटं नेट गेलं तर एक घड्याळ तीन मिनिटांनी कमी होतं. सायमलमध्ये जिथे जिथे तुमची पाळी आहे तिथली सगळी होतात. फायबरच्या जोडणीत ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) आणि राउटर दोन्हींना वीज लागते. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणी राउटर विझून पुन्हा चालू होऊ शकतो आणि मग परत जुळायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर जुळवून पाहा, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. ओएनटी वेगळा असेल तर दोन तारा निघणारा घ्या.

दुसरी जोडणी म्हणून फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला लावून ठेवा. वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षा हे टेदरिंग स्थिर असतं आणि फोन चार्जही होत राहतो. सिम घरातल्या नेटपेक्षा वेगळ्या कंपनीचं असावं. बदल करून पाहणं सायमलच्या आदल्या दिवशीच व्हायला हवं: लॅन काढा, टेदरिंग चालू करा, लिचेसचं पान किती सेकंदांत पुन्हा जुळतं ते मोजा. लॉगिन तसंच राहतं, फक्त सॉकेट नव्याने जुळतो.

काही वेळा दोष कोणाच्याच घरात नसतो. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारताचा निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी दुसऱ्या फेरीत तुटली आणि दोघंही वेळेवर हरले. त्या दिवशी इंटरनेटचा मोठा भागच कोलमडला होता. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार असलेल्या संघाने दाद मागितली, आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्ण दिलं. तुमच्या सायमलला फिडे येणार नाही. तेव्हा आधीच लिहून ठेवा: होस्टची जोडणी पाच मिनिटांहून जास्त गेली तर उरलेल्या डावांचं काय करायचं. बरोबरी धरायची, की चालींची यादी उतरवून घेऊन तीच स्थिती दुसऱ्या दिवशी पटावर मांडून पुढे खेळायचं. दुसरा पर्याय निवडलात तर प्रत्येक बोर्डाची एफईएन ओळ (पटावरची स्थिती अक्षरांत लिहिलेली ओळ) कोणीतरी सहाय्यकाने कॉपी करून ठेवायला हवी. होस्टला तेव्हा त्यासाठी हात मोकळा नसतो.